ईमेलच्या दारातील दोन याद्या

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. कोणत्या रस्त्याने कोणता माल येतो आणि कोणाचा माल पारखून घ्यावा लागतो, हे तेथील जुन्या पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. तूर आणि सोयाबीनच्या या बाजारपेठेत आता परगावच्या खरेदीदारांची बिले, बँकेची विवरणपत्रे आणि वस्तू व सेवा कराच्या सूचना ईमेलच्या वाटेने येतात. घरातील मुलगा वा मुलगी ‘नीट’ची तयारी करीत असेल, तर परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या सूचनाही बहुधा त्याच पत्त्यावर येतात. त्याच वाटेने बक्षिसांची आमिषे, कर्जाची प्रलोभने आणि खोट्या नोटिसाही येत असतात. या गर्दीत हानी दोन प्रकारची होते. नको ते आत येते, आणि हवे ते बाहेर राहते. पहिल्या हानीची चर्चा घरोघरी होते. दुसरी मात्र मुदत उलटून गेल्यावरच ध्यानात येते.

अशा अनाहूत टपालाला ‘स्पॅम’ म्हणतात. त्याचा इतिहास ईमेलइतकाच जुना म्हणावा लागेल. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी ‘अर्पानेट’ या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. तिलाच पहिले स्पॅम मानले जाते. पुढे हा उपद्रव असह्य झाला, तेव्हा १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी उपद्रवी संगणकांच्या पत्त्यांची सामायिक यादी तयार केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी ‘स्पॅमहाउस’ ही संस्था सुरू केली. ईमेल पुरविणाऱ्या सेवा आजही अशा याद्या आणि स्वतःच्या चाळण्या वापरून बरेचसे स्पॅम बाहेरच थोपवितात. मात्र कोणतीही चाळणी निर्दोष नसते. उरलेल्या निवडीसाठी प्रत्येक खातेदाराच्या हाती दोन याद्या असतात. ज्यांचे टपाल नको, त्यांची ‘ब्लॉकलिस्ट’ म्हणजे रोखयादी. आणि ज्यांचे टपाल कधीही अडवू नये, त्यांची ‘अलाउलिस्ट’ म्हणजे स्वीकारयादी.

रोखयादीची मर्यादा

बहुतेक लोक फक्त रोखयादी वापरतात. त्रासदायक संदेश आला की ‘ब्लॉक’चे बटण दाबले जाते आणि प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. नियमाने जाहिराती पाठविणाऱ्या एखाद्या दुकानासाठी हा उपाय योग्यच आहे. परंतु ठकविणारा मनुष्य एकच पत्ता दुसऱ्यांदा क्वचितच वापरतो. लिफाफ्यावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, त्याचप्रमाणे ईमेलवरही दुसऱ्याचे नाव आणि पुष्कळदा दुसऱ्याचा पत्ताही घालता येतो. म्हणून रोखयादी कितीही लांबली, तरी उद्याचा ठक तिच्यात नसतोच. उलट, रागाच्या भरात एखादे संपूर्ण डोमेन, म्हणजे पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढचा भाग, रोखला तर त्या डोमेनवरील निरपराध माणसांची पत्रेही अडतात.

एका बनावट ईमेलची किंमत किती असू शकते, हे पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या उद्योगाच्या प्रकरणातून दिसले. फसव्या ईमेलला प्रतिसाद दिला गेल्यानंतर त्यांच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर वळविले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार न्यायनिर्णय अधिकारी असलेले राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सुरक्षेच्या तपासणीत बँकेची हयगय झाली, असे त्यात नमूद होते. परंतु फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे तक्रारदारानेही हानीचा वाटा उचलावा, असे ठरले. एका उत्तराचा भार असा दोघांवर पडला.

स्वीकारयादी कशी करावी

स्वीकारयादीचे काम शांतपणे, एकदाच बसून करण्यासारखे आहे. प्रथम एका कागदावर ज्यांचे पत्र चुकता कामा नये अशांची नावे लिहावीत: बँक, कर सल्लागार, नेहमीचे खरेदीदार, विमा कंपनी, मुलांचे महाविद्यालय, परीक्षा घेणारी संस्था. त्यांचे पत्ते आलेल्या ईमेलवरून न उचलता पासबुक, जुनी पावती किंवा अधिकृत संकेतस्थळ यांवरून ताडून घ्यावेत. जीमेलमध्ये ही सोय संगणकावर उघडलेल्या खात्यात मिळते. शोधाच्या चौकटीतील पर्याय उघडून प्रेषकाच्या जागी पत्ता लिहावा, फिल्टर तयार करण्याचा पर्याय निवडावा आणि ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ या अर्थाच्या पर्यायावर खूण करावी. आउटलुकमध्ये सुरक्षित आणि रोखलेल्या प्रेषकांच्या याद्या स्वतंत्र असतात.

या यादीत औदार्य नको. ‘जीमेल डॉट कॉम’सारखे सार्वजनिक डोमेन सरसकट मंजूर केले, तर त्यावरील प्रत्येक अनोळखी माणसाला दार उघडे होते. पेढीचे स्वतःचे डोमेनही सरसकट घालू नये. घरच्याच नावाने पत्र आले की कोणी संशय घेत नाही, हे ठकांना पक्के माहीत असते.

डोमेन वाचण्याचीही एक रीत आहे. ते उजवीकडून डावीकडे वाचावे. खऱ्या सरकारी सूचनेचा पत्ता बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ येथे संपतो. हीच अक्षरे मध्येच कोठेतरी असतील आणि शेवट निराळाच असेल, तर तो पत्ता सरकारी नव्हे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन ठरविले असून त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

याद्या केल्या तरी स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा चाळावाच. जीमेल त्यातील पत्रे ३० दिवसांनी कायमची नष्ट करते. प्रवेशाची सूचना वा कराची नोटीस तेथे पडून राहिली, तर महिन्याभरात तिचा मागमूसही उरत नाही. ज्या पेढ्यांचे स्वतःचे डोमेन आहे, त्यांनी आपली बिले दुसऱ्याच्या स्पॅममध्ये पडू नयेत यासाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या ओळखीच्या नोंदी सेवा देणाऱ्याकडून करून घ्याव्यात. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून या नोंदी अनिवार्य आहेत.

यादीपलीकडचे

स्वीकारयादी पत्त्याची हमी देते, माणसाची नव्हे. ओळखीच्या व्यापाऱ्याचे खाते ठकाच्या हाती गेले, तर त्याचे पत्र खऱ्याच पत्त्यावरून येईल आणि यादी त्याला सन्मानाने आत घेईल. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या क्रमांकावर भरावी’ असा मजकूर असेल, तर पत्ता कितीही ओळखीचा असो, पूर्वीपासून वहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री झाल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर विचारणे म्हणजे ठकालाच साक्षीला बोलावणे होय. हुंडीच्या काळात मुनीम अक्षर ओळखत असे, सही पडताळत असे, आणि तरीही मोठ्या रकमेला माणूस पाठवून विचारत असे. त्या पद्धतीतील शहाणपण आजही तितकेच उपयोगी आहे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच संकोच न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठविली जाण्याची शक्यता अधिक. घरातील तरुणांनी एका रविवारी वडीलधाऱ्यांशेजारी बसून त्यांच्या खात्यातील या दोन याद्या करून द्याव्यात; आणि खाते बदलल्याचे पत्र आले तर कोणाला विचारायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे.