फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विकून पैसे कमावले, तर गुन्हा होतो का?



प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. "मॅडम, ओपन सोर्स सॉफ्टवेअर नेटवर फुकट मिळतं. तेच मी एखाद्या चादरीच्या दुकानात बसवून दिलं आणि १०,००० रुपये घेतले, तर केस होईल का?"

नाही होणार. ओपन सोर्सच्या व्याख्येतच विकायची मुभा आहे. फक्त लायसन्सच्या अटी पाळायच्या.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. ते कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं, तरी कंपनी कमावते. कशातून? सर्व्हरवर चालवून देणं, अडचण आली की मदत करणं, यातून. दुसऱ्या छोट्या कंपन्यासुद्धा ते गिऱ्हाइकाला बसवून देऊन पैसे घेतात.

अटी कोणत्या?

ईआरपीनेक्स्टचं लायसन्स जीपीएल ३. त्यात स्पष्ट लिहिलंय, कॉपीची किंमत कितीही लावा. पण:

- गिऱ्हाइकाला कॉपी दिली, की सोर्स कोडही उपलब्ध करून द्यायचा. तुम्ही केलेल्या बदलांसकट.
- लायसन्सची प्रत सोबत द्यायची, मूळ कॉपीराइटची नोंद पुसायची नाही.
- "दुसऱ्याला देऊ नका" अशी अट घालायची नाही.

एमआयटी लायसन्स सोपं आहे. मूळ नोंद ठेवा, स्वतःचा कोड दाखवायची सक्ती नाही. फॉन्टचं मात्र वेगळं. ओपन फॉन्ट लायसन्सचा फॉन्ट लग्नपत्रिकेत, फ्लेक्सवर बिनधास्त वापरा, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही.

आणि नाव! कोड मोकळा असला तरी ब्रँडचं नाव, लोगो मोकळा नसतो. त्याचे नियम वेगळे वाचा.

माझा अनुभव

मी दुकानासाठी एकाकडून बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं. "आम्हीच बनवलंय" म्हणाला. ऐन दिवाळीत ते बंद पडलं, तो फोन उचलेना. दुसऱ्याला दाखवलं, तर ते ओपन सोर्स निघालं, मूळ नाव खरवडून काढलेलं. याने केलेल्या बदलांचा कोड कुणाकडेच नाही, त्यामुळे दुरुस्तीही होईना. आठ दिवस हाताने बिलं फाडली. कोड दिला असता, तर दुसरा कुणीही दुरुस्त करू शकला असता. ती अट असते ती यासाठीच.

म्हणून कोटेशन असं लिहा: सॉफ्टवेअर – ० रुपये. बसवणे, जुना डेटा भरणे, शिकवणे, वर्षभराची सेवा – १०,००० रुपये. गिऱ्हाइकाला उद्या कळलं की हे नेटवर फुकट मिळतं, तरी तुमची मान खाली जाणार नाही.

आज एवढंच करा. जे विकायचंय, त्याच्या फोल्डरमधली लायसन्सची फाइल उघडून वाचा. समजलं नाही, तर विकायच्या आधी वकिलाला दाखवा.