आधी तग, मग नफा

छोटा धंदा काढायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘चालेल का?’ आणि दुसरा, ‘सुटणार किती?’ दोन्ही रास्त आहेत. पण त्यांच्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: विक्री थांबली किंवा पैसे अडकले, तर किती महिने तग धरता येईल? वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात खडखडाट असतो. छोटे धंदे पुष्कळदा याच अवस्थेत बंद पडतात. घरगुती कांदा-लसूण मसाल्याचं उदाहरण घेऊ. समजा, महिन्याला 1 लाखाचा माल दुकानांत जातो आणि त्यावर 80 हजार खर्च होतो. हिशेबाला 20 हजार सुटले. पण दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देणार असेल, तर तोवर पदरचे 1 लाख 60 हजार बाहेर अडकतात. मिरची हंगामातच वर्षाची भरून ठेवावी लागते आणि नवख्याला ती उधार मिळणं कठीण. विक्री दुप्पट झाली, तर अडकणारी रक्कमही दुप्पट. शिवाय मिरचीचे देठ खुडण्यापासून दुकानोदुकानी फिरण्यापर्यंत घरच्यांनी केलेली मेहनत त्या 20 हजारांतून वजा झालेली नसते. ती मजुरी धरली की खरा नफा कळतो.

तग धरण्याची ताकद मोठ्या भांडवलातूनच येते असं नाही. 1959 साली गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पगारी नोकर आणि भाड्याचा कारखाना डोक्यावर असता, तर ते चार महिनेच भारी पडले असते. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह अशी युक्ती निघाली. बांधील खर्च कमी होता, म्हणूनच अडचणीवर उपाय शोधायला उसंत मिळाली.

यावर कोणी म्हणेल, आता 2015 पासून मुद्रा योजनेत बिनतारण कर्ज मिळतं, मग काळजी कसली? पण दुकानदाराचे पैसे आले नाहीत म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. उधारीशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तरी ज्याचा सगळा माल एकाच गिऱ्हाइकाकडे जातो, तो तक्रार करायला धजत नाही. म्हणून उधारीला मर्यादा घालावी आणि गिऱ्हाइकं अनेक जोडावीत.

इतकं जपून वागायचं तर नोकरी काय वाईट, असंही विचारलं जाईल. नोकरीत जोखीम बहुधा कमीच असते. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मात्र धंद्याचं कर्ज ते मालकाचंच कर्ज असतं. वसुली घरादारापर्यंत पोचू शकते. पण बसलेली गिऱ्हाइकं आणि कमावलेलं नावही मालकाचंच असतं. ते वाढवता येतं, मुलांना देता येतं, विकताही येतं. नोकरीतला हुद्दा असा विकता येत नाही. ही कमाई उभी राहायला वर्षं लागतात. तेव्हा किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा, किती रक्कम बुडाली की थांबायचं तो आकडा आधीच ठरवावा आणि मगच धंद्यात उतरावं.