नीरब्राह्मीची ओळख व लागवड

नवापूर तालुक्यातील खांडबारा परिसरात पावसाळ्यात भातखाचरांच्या खालच्या अंगाला आणि विहिरीच्या पाटालगत सतत ओल राहणारे लहानमोठे तुकडे असतात. अशा जागी तूर पाण्याने मरते व ज्वारीही नीट वाढत नाही. नीरब्राह्मी या औषधी वनस्पतीस मात्र अशीच जमीन मानवते. तथापि लागवड करण्यापूर्वी तिची नेमकी ओळख पटणे अत्यावश्यक आहे. कारण ब्राह्मी या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. नीरब्राह्मी मागणाऱ्या व्यापाऱ्याकडे दुसरीच वनस्पती गेल्यास सारा माल नाकारला जातो आणि हंगामभराचे श्रम वाया जातात.

ओळख

नीरब्राह्मी ही जमिनीलगत पसरणारी, मऊ व रसाळ देठांची लहान वनस्पती होय. तिच्या प्रत्येक पेरापाशी मुळे फुटतात. पाने समोरासमोर, बिनदेठाची, जाडसर व सुमारे 1 ते 2 सेंटिमीटर लांब असून टोकाशी रुंद व बुडाशी निमुळती असतात. पानांच्या बगलेत एकेक फूल येते. ते पांढरे किंवा फिकट निळसर जांभळे असून त्यास पाच पाकळ्या असतात. पानांची चव कडू असते.

ब्राह्मी म्हणून ओळखली जाणारी दुसरी वनस्पती मंडूकपर्णी होय. तिची पाने गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची व दातेरी कडेची असून लांब देठावर उभी असतात. ती कोथिंबिरीच्या कुलातील आहे. पानांचा आकार व देठ एवढे दोन भेद ध्यानात ठेवल्यास गफलत होणार नाही. घोळीची पानेही जाड असल्यामुळे नवख्यास भ्रम होतो. परंतु घोळीचे देठ तांबूस, फूल पिवळे व चव आंबटसर असते.

जुन्या वर्गीकरणानुसार नीरब्राह्मी स्क्रोफुलॅरिएसी कुलात गणली जात असे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुलाही त्याच कुलात धरला जाई. अलीकडील वर्गीकरणात नीरब्राह्मी इसबगोलाच्या कुलात घातली आहे. टारफुल्याप्रमाणे ती परोपजीवी नाही. तेव्हा शेजारच्या पिकास तिच्यापासून तसा उपद्रव होत नाही.

जागेची निवड

ओल धरून ठेवणारी पोयट्याची किंवा भारी जमीन निवडावी. पाणी मात्र स्वच्छ असले पाहिजे. नीरब्राह्मी पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून आपल्या अंगात साठविते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणून गटार, रस्त्यालगतची नाली किंवा कारखान्याचे सांडपाणी येते तेथे ती लावू नये व तेथून गोळाही करू नये. अशा ठिकाणची वनस्पती दिसावयास कितीही टवटवीत असली, तरी औषधास अयोग्य होय.

लागवड

बी अतिशय बारीक असल्याने लागवड देठांच्या तुकड्यांनी करावी. मृग नक्षत्राचा पाऊस स्थिरावल्यावर जमीन नांगरून भुसभुशीत करावी व गुंठ्यास सुमारे 50 किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. नंतर दोन-तीन पेरे असलेले 5 ते 10 सेंटिमीटर लांबीचे तुकडे 10 सेंटिमीटर अंतरावर ओल्या मातीत लावावेत आणि लगेच पाणी द्यावे. प्रथम 5 मीटर लांब व 2 मीटर रुंद असा एकच वाफा करणे हिताचे. त्यास सुमारे 1,000 तुकडे पुरतात व पुढील लागवडीचे बेणेही त्यातूनच मिळते. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने प्रज्ञाशक्ती व सुबोधक हे वाण विकसित केले आहेत.

पावसाची उघडीप पडल्यास आठवड्याने पाणी द्यावे. आरंभी तण हाताने काढावे; एकदा वाफा भरून आला की तणाचा जोर आपोआप कमी होतो.

काढणी व वाळवण

लागवडीपासून 75 ते 90 दिवसांनी काढणी करावी. झाडे उपटू नयेत. बुडापासून 4 ते 5 सेंटिमीटर भाग राखून वरचा भाग कापावा, म्हणजे ओल असेपर्यंत पुन्हा फूट येते. ओढ्याकाठी आपोआप वाढलेली वनस्पती काढतानाही हाच नियम पाळावा. मुळासकट ओरबाडल्यास ती जागा काही वर्षांत ओस पडते.

कापलेला माल स्वच्छ पाण्याने धुऊन, माती व गवत निवडून, सावलीत पातळ पसरावा व दररोज खालीवर करावा. त्यात पाण्याचा अंश फार असल्याने ढीग घातल्यास तो लवकर कुजतो. पूर्ण वाळल्यावर कोरड्या पोत्यात भरून ओल लागणार नाही अशा जागी ठेवावा.

विक्रीसंबंधी सूचना

या पिकास धान्यासारखी हमखास बाजारपेठ नाही. म्हणून खरेदीदार निश्चित झाल्याखेरीज क्षेत्र वाढवू नये आणि भाताची चांगली जमीन यात गुंतवू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फुलावर आलेला एक नमुना कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा व मगच बेण्याची शिफारस करावी. घरात औषध म्हणून तिचा उपयोग वैद्य किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये. ओळख पक्की, पाणी स्वच्छ व खरेदीदार ठरलेला, या तीन गोष्टी साधल्या, तर पडीक राहणारा ओला तुकडाही कुटुंबास चार पैसे मिळवून देऊ शकेल.