सोयाबीनच्या समुद्रातलं बेट

लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीला सगळे संजीवनी बेट म्हणतात. द्रोणागिरी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून एक तुकडा इथे पडला, अशी कथा सांगतात. सप्टेंबरात उत्तरा नक्षत्र लागलं की औषधी वनस्पतींना गुण येतो, या श्रद्धेने लोक या टेकडीवरच्या पायवाटा तुडवतात.

या मुहूर्तात वनस्पतिशास्त्रही आहे. सफेद मुसळी, शतावरी यांसारख्या वनस्पती मुळांत अन्न-पाणी साठवून उन्हाळा काढतात आणि पावसावर जोमाने वाढतात. मे महिन्यात जिथे उघडा मुरूम दिसतो, तिथे तीन महिन्यांच्या पावसानंतर पाऊल ठेवायला जागा नसते.

खाली सपाटीला काळी जमीन, त्यामुळे सगळीकडे सोयाबीन आणि तूर. रानवनस्पतींच्या दृष्टीने हा समुद्रच. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६३ साली बेटांवरच्या सजीवांचा सिद्धांत मांडला. बेट जितकं लहान, तितक्या जाती लवकर नामशेष होतात आणि ते जितकं दूर, तितक्या नव्या जाती उशिरा पोहोचतात. पुढे विल्सन आणि डॅनियल सिंबरलॉफ यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची खारफुटीची चिमुकली बेटं तंबूने झाकून, विषारी धुरी देऊन तिथले कीटक आणि कोळी मारले. वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. जाती मात्र बऱ्याचशा वेगळ्या होत्या! सर्वांत दूरचं बेट मागेच राहिलं.

कीटक उडत येतात, वाऱ्यावर तरंगतही येतात. मुसळीचा कंद उपटला, तर तिची जागा घ्यायला बी कुठून येणार? आसपासच्या माळरानातून, गायरानातून, ओढ्याकाठच्या झुडपांतून आणि रुंद बांधांवरून. हे टप्पे नांगराखाली गेले, तर टेकडीला कुंपण घालूनही ती एकाकी पडेल.

म्हणून बेटावर जाताना पायवाट सोडू नये, काही उपटू नये आणि अनोळखी पाला तर मुळीच चघळू नये. मराठवाड्याच्या रानात दिसणाऱ्या देखण्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे जालीम विष असतं. उरलेलं काम मात्र टेकडीखाली, शेतात आहे. बांध कोरताना हातभर जागा रानासाठी सोडली, तरी बेटाकडे जाणारी वाट उघडी राहील.