‘थिंक’ आणि ‘पॉन्डर’ समानार्थी नव्हेत

‘थिंक’, ‘कन्सिडर’, ‘पॉन्डर’, ‘रिफ्लेक्ट’ आणि ‘कॉन्टेम्प्लेट’ ही इंग्रजी क्रियापदे समानार्थी असून निबंध भारदस्त करण्यासाठी ‘थिंक’च्या जागी यांपैकी कोणतेही घालावे, असा समज विद्यार्थ्यांत खोलवर रुजलेला आहे. कोशात या सर्वांपुढे ‘विचार करणे’ हा अर्थ सापडतो, एवढ्या आधारावर त्यांची अदलाबदल करणे ही साफ चूक आहे. पीटर मार्क रॉजे यांच्या १८५२ मधील प्रसिद्ध शब्दसंग्रहातही जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र मांडले आहेत ते नेमकी निवड करता यावी म्हणून, वाटेल तो उचलावा म्हणून नव्हे.

मुळात ‘थिंक’ दोन वेगळी कामे करते, आणि हा भेद झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ या १९५७ मधील निबंधात स्पष्ट केला आहे. एखादा मनुष्य प्रामाणिक आहे असे मत बाळगणे ही स्थिती होय, जी मत बाळगणारा गाढ झोपला तरी टिकते. त्या मनुष्याविषयी विचार करीत असणे ही मात्र क्रिया होय, जी सुरू होते आणि थांबते. ‘पॉन्डर’ केवळ क्रिया दाखवते. वजन करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेल्या या शब्दात एखादा प्रश्न दीर्घकाळ तोलण्याचा भाव आहे. म्हणून ‘आय पॉन्डर दॅट ही इज ऑनेस्ट’ हे वाक्य कितीही वजनदार वाटले, तरी त्यातून ‘तो प्रामाणिक आहे असे माझे मत आहे’ हा अर्थ निघत नाही. ‘रिफ्लेक्ट ऑन’ बहुधा घडून गेलेल्या गोष्टींकडे मागे वळून पाहते, तर ‘कॉन्टेम्प्लेट’ अनेकदा राजीनाम्यासारखे पुढचे पाऊल मनात घोळत असल्याचे सांगते. ‘कन्सिडर’ दोन्ही कामे करते: ‘आय कन्सिडर हिम ऑनेस्ट’ यात मत ठरलेले आहे, तर ‘वुई आर कन्सिडरिंग हिज ॲप्लिकेशन’ यात निर्णय व्हायचा आहे.

इतर काही गैरसमज:

‘थिंक’चे चालू काळातले रूप होत नाही. मत सांगताना हे खरे. पण ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे.

‘कन्सिडर टू रिझाइन’ म्हणावे. नाही, ‘कन्सिडर रिझाइनिंग’ म्हणावे.

‘बिलीव्ह’ म्हणजे केवळ श्रद्धा. पुराव्यावर उभ्या असलेल्या मतालाही हेच क्रियापद चालते.

मत सांगताना ‘आय गेस’ म्हणणे ही अमेरिकनांनी केलेली मोडतोड आहे. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने हाच प्रयोग केला आहे.

क्रियापद निवडण्यापूर्वी मत सांगायचे आहे की चाललेला विचार, आणि तो मागच्या गोष्टीचा की पुढच्या, हे ठरवले पाहिजे. ते न ठरवता घातलेला भारदस्त शब्द लेखनाची शोभा वाढवत नाही, अर्थ बिघडवतो.