भाड्यातून हप्ता फिटतो का?

नोकरीत दहा-बारा वर्षं झाली, थोडी शिल्लक साठली, की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात दुसऱ्या फ्लॅटचा विषय निघतोच. ‘भाडं येत राहील, हप्ता परस्पर जाईल,’ असा हिशेब मांडला जातो. तो कागदावर नीट करून पाहायला हवा.

समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये ६० लाखांचा फ्लॅट घेतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे इथे ४८ लाख. उरलेले १२ लाख स्वतःचे. त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरली, की साडेचार लाख आणखी. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. भाडं मिळालं २० हजार, तर दर महिन्याला साडेएकवीस हजारांहून अधिक रक्कम पगारातून घालावी लागते.

ते वीस हजारही पूर्ण हातात पडत नाहीत. मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १५ हजार, एक महिना घर रिकामं आणि एजंटला एक महिन्याचं भाडं असं धरलं, तर वर्षाच्या २ लाख ४० हजारांतून हाती दीड लाखही राहत नाही. ६० लाखांवर हे जेमतेम अडीच टक्के. नफा होणार असेल तर तो मुख्यतः घराची किंमत वाढल्यावर. म्हणून पगारातून फरक भरण्याची ताकद नसेल, तर हा व्यवहार करू नये.

आयकरात थोडा दिलासा आहे. भाड्यातून भरलेला मिळकतकर आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यातून तोटा निघाला तर जुन्या कररचनेत वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो; नव्या रचनेत ती सोय नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गोष्ट आहे: मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने देताच जाते.

घर विकत घेताना वकील पाहणारी माणसं भाडेकराराच्या कागदावर मात्र हयगय करतात. ‘अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?’ हा समज महाराष्ट्रात सरळ चुकीचा आहे. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्याहून गंभीर म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

आणि ही नोंदणी महाग नाही. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल, तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी एक हजार. आधारवर अंगठा देऊन हे काम घरबसल्या होतं.

जुन्या पिढीतले घरमालक भाडेकरूला बिचकतात, त्यामागे इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने थेट भाडेकरूचा दर्जा दिला. अनेकांची घरं त्यात अडकली आणि पुढे कित्येकांनी घर बंद ठेवणंच पसंत केलं. आज स्थिती वेगळी आहे. १९९९ च्या कायद्यातल्या कलम २४ नुसार मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते.

सोसायटीने भोगवटेतर शुल्क म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त आकारू नये, असा शासनाचा २००१ पासूनचा आदेश आहे. भाडेकरू अविवाहित आहे किंवा दुसऱ्या धर्माचा आहे म्हणून अडवणूक करणाऱ्या कमिटीपुढे मालकाने नमतं घेऊ नये. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच सोसायटीत जमा करावी, फ्लॅटचे फोटो आणि मीटरचं रीडिंग ताबा देण्याच्या दिवशीच दोघांच्या सह्यांनी नोंदवावं, आणि डिपॉझिटमधून कशाचे पैसे कापले जातील हे करारातच लिहावं.