दुरावलेल्या आप्तांचा शोध

बहुतेक घरांत एखादें तरी असें वाक्य ऐकूं येतें, कीं “आमचे एक चुलत आजोबा दुष्काळांत गांव सोडून गेले, पुढें त्यांचें काय झालें, कोणास ठाऊक!” बोलणारा सुस्कारा टाकतो आणि विषय तेथेंच संपतो. वास्तविक शोधाचा आरंभ तेथूनच व्हावयाचा असतो. तो कसा करावा, हें बुलढाणा जिल्ह्याच्या आधारें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

माणसें कां विखुरलीं, हें प्रथम ध्यानांत घेऊं. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव यांवरून गेला, व १८७० सालीं खामगांवासही फांटा आला. कापसाच्या व्यापारानें माणसें जशीं आलीं, तशीं गेलींही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानें वऱ्हाडांतील कित्येक कुटुंबें गांवांतून उठविलीं. शिवाय जिल्ह्याच्या दक्षिणेस १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें. देऊळगांव राजाहून निघालेला मनुष्य एका दिवसाच्या वाटेवर जालन्यास पोंचे. पण तेवढ्यानें तो दुसऱ्या राज्यांत आणि दुसऱ्याच दप्तरांत जाई.

अशा मनुष्याचा माग आपण बहुधा आडनांवावरून काढूं पाहतों, आणि येथेंच फसतों. पाटील, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी हीं वतनाचीं नांवें. तीं गांवोगांवीं निरनिराळ्या कुळांस चिकटलेलीं आहेत. गांवावरून पडलेल्या आडनांवाची गोष्ट तर याहून गमतीची. लोणारचा रहिवासी लोणारांत असतां त्यास सहसा कोणी लोणारकर म्हणत नाहीं. तो पुण्यास गेला म्हणजे लोणारकर होतो. त्याच्या नातवानें लोणारास येऊन लोणारकरांचें घर विचारलें, तर तें त्यास कसें सांपडावें? त्याचे भाऊबंद तेथें दुसऱ्याच आडनांवानें नांदत असतील. आडनांव बदलतें, मूळ गांव, कुलदैवत आणि देवक हीं मात्र बहुधा टिकतात. कुलदेवता माहूरची रेणुका कीं तुळजापूरची भवानी, नवरात्राचा कुळाचार कसा, लग्नांत देवक कशाचें, हें प्रथम लिहून घ्यावें.

हें विचारावयाचें कोणास? घरांतील वृद्ध स्त्रियांस. वंशावळी पुरुषांनीं लिहिल्या. त्यांत बहुधा मुलींस जागा नाहीं. मुलगी सासरीं गेली कीं तिची शाखा कागदावरून पुसली जाते, आणि घराण्याचे निम्मे आप्त अशा रीतीनें हरवतात. याच जिल्ह्यांतील सिंदखेड राजाचें घराणें पाहा. १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र व नातू यांची हत्या झाली. त्या घराण्याचें नांव आज घरोघर माहीत आहे, तें लखुजींच्या कन्येमुळें. जिजाबाईंना वगळून जाधवांची वंशावळ लिहिली, तर छत्रपति शिवाजीमहाराज तींत येणारच नाहींत! २००५ च्या कायद्यानें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. जुन्या पिढ्यांच्या मुली मात्र अजून आजीच्या तोंडींच सांपडतात.

तोंडी माहितीनंतर दप्तराकडे वळावें. विदर्भांत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची जी नोंद ठेवी, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसील कचेरींत अर्ज करून तिची नक्कल मागतां येते. जन्माच्या नोंदींत पुष्कळदा मुलाचें नांव नसतें. बापाचें नांव, जात व तारीख असते. म्हणून नुसतें मुलाचें नांव घेऊन जाणारा रिक्त हस्तें परततो. वारसांचीं नांवें जमिनीच्या फेरफारांत मिळतात. जुनें लिखाण मोडींत असेल, तर वाचणारा गांठावा. निजामी राज्यांतील कागद उर्दूंतही असतात. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां या जुन्या दप्तरांचें मोल पुष्कळांच्या ध्यानीं आलें.

दप्तर मुकें झालें तर तीर्थक्षेत्रीं जावें. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानांचीं नांवें लिहून ठेवीत आले आहेत. तेथें गांव, जात व कूळ सांगितलें म्हणजे वही निघते. गांव सोडून गेलेला मनुष्य घरीं पत्र न लिहितांही बापाच्या श्राद्धासाठीं गोदातीरीं येऊन गेलेला असूं शकतो. आणि त्यानें स्वतः सांगितलेलें मूळ गांव व नवा ठिकाणा त्या एकाच पानावर मिळूं शकतो.

समजा, आप्त सांपडले. आतां खरी नाजूक वेळ येते. तीन पिढ्यांनंतर दाराशीं उभा राहिलेला चुलतभाऊ जमिनीचा हिस्सा मागावयास आला असावा, हा संशय स्वाभाविक आहे. म्हणून एकदम जाऊं नये. आधीं पत्र पाठवावें. आपण कोण, नातें कोणत्या पुरुषापाशीं जुळतें, पुरावा काय, हें त्यांत स्पष्ट लिहावें, आणि मिळकतीविषयीं मनांत कांहीं नसेल तर तेंही पहिल्याच पत्रांत सांगावें. उत्तर न आलें तर रागावूं नये. कांहीं जण गांव सोडून गेले ते दुःखामुळें किंवा अपमानामुळें; त्यांच्या मुलांस ती आठवण नकोशी असणें शक्य आहे.

दप्तरांतील कागद आणखी कांहीं वर्षें वाट पाहतील. ऐंशी वर्षांची आत्या पाहीलच असें नाहीं. तेव्हां कचेरीची वाट धरण्यापूर्वीं तिच्यापाशीं वही घेऊन बसावें, आणि पहिला प्रश्न असा विचारावा : “आत्या, तुझ्या आजीचें माहेर कोणतें?”